मोठ्या रांजणातलं तेल

फार फार पूर्वीची गोष्ट आहे. इतकी जुनी, की तेव्हा बैलसुद्धा बोलत असत. पण कामापुरतंच.

एका नदीकाठी बाजाराचं गाव होतं आणि त्या गावात धोंडशेट नावाच्या गृहस्थाचा तेलाचा घाणा होता. भलंमोठं लाकडी उखळ, त्यात फिरणारी लाट, म्हणजे जाडजूड लाकडी दांडा, आणि लाटेला जुंपलेला बांड्या नावाचा बैल. बांड्या दिवसभर गोल गोल फिरायचा, करडई चिरडली जायची, आणि खाली तेलाची सोनेरी धार लागायची. ते तेल एका मोठ्या रांजणात साठवलं जाई.

धोंडशेटच्या आजोबांनी या घाण्यावर एक रीत घालून दिली होती. संध्याकाळी काम सुटलं, की प्रत्येक गड्याला आणि प्रत्येक बाईला घरी न्यायला एक पळी तेल मिळे. आणि ते कुठून? तर ज्या मोठ्या रांजणातून गिऱ्हाइकांना विकलं जाई, त्याच रांजणातून. मालकाचं वेगळं, कामगाराचं वेगळं, गिऱ्हाइकाचं वेगळं, असा प्रकारच नव्हता.

कामगार आपापल्या बुधल्या भरून बाजारातून घरी जात. बाजारातल्या बायका त्यांना मध्येच अडवत, बुधलीत बोट बुडवत, जिभेला लावून बघत. “आज छान उतरलंय गं!” म्हणत आणि तिथूनच घाण्याकडे वळत. त्यामुळे धोंडशेटला कधी दारावर पाटी लावावी लागली नाही, की बाजारात ओरडायला माणूस ठेवावा लागला नाही. गावात म्हणच पडली होती: शेटचं तोंड बघू नका, गड्याची बुधली बघा.

ही संध्याकाळची पळी वाटायचं काम वेणूकडे होतं. वेणू तरुण होती, हाताला चोख होती आणि भयंकर भित्री होती. पाल चुकचुकली तरी तिच्या हातून पळी पडायची. सकाळी ती बांड्याला पेंड घालायला जाई. बांड्या रोज म्हणे, “आलीस?” आणि वेणू रोज दचके.

“अगं, रोजचाच मी,” बांड्या म्हणे.

“माहीत आहे रे. पण तू एकदम बोलतोस.”

“मग काय, आधी खाकरू?”

असं सगळं बरं चाललं होतं. आणि एका वर्षी करडईवर मावा पडला. हिरवीगार शेतं बघता बघता चिकट आणि काळी झाली. बी मिळेनासं झालं. जे मिळे ते महाग.

नेमक्या त्याच वर्षी नदीच्या पलीकडे एका परगावच्या व्यापाऱ्याने नवा घाणा टाकला. त्याने आपल्या सगळ्या गड्यांना पिवळी पागोटी दिली, गळ्यात ढोल दिले आणि एक ओळ पाठ करून घेतली. ते गडी बाजारात रांगेने फिरत आणि गात:

“पिवळं पागोटं, सोन्याची धार! घ्या हो घ्या, स्वस्तात फार!”

तेल खरंच स्वस्त होतं. त्यात काय होतं ते मात्र कुणी विचारत नव्हतं. एकदा धोंडशेटच्या घाण्यावर करडई पाखडणाऱ्या येसूमावशीने एका पागोटेवाल्याला गाठलं.

“काय रे, तू स्वतः भाकरीवर कुठलं तेल घेतोस?”

तो हसला. “मावशी, आम्ही ओरडणारे. खाणारे वेगळे.”

मावशी घाण्यावर येऊन हे सांगून हसली. धोंडशेट हसला नाही. त्याच्या दारातली गर्दी रोज थोडी थोडी कमी होत होती. तो घाण्याकडे बघे, पाखडणाऱ्या बायकांकडे बघे, आणि त्याला वाटे, घाणा थांबला तर या सगळ्यांच्या चुली कशा पेटायच्या?

एके दिवशी सकाळी वेणूने पेंडीची पाटी बांड्यापुढे ठेवली. बांड्याने हुंगली आणि तोंड फिरवलं.

“कडू आहे,” तो म्हणाला.

वेणू दचकली. मग भीत भीत तिने चिमूटभर पेंड जिभेवर ठेवली आणि थुंकून टाकली. “करडईची पेंड अशी कडू?”

“करडईची नाही. करंजाची. आज तुम्ही कोणी यायच्या आत शेटनी मला जुंपलं. झापडं डोळ्यांना होती, नाकाला नव्हती.”

आता करंजाचं तेल दिव्याला चालतं, गाडीच्या आसाला चालतं. पोटाला चालत नाही, हे सगळ्यांना ठाऊक असतं. शेटला विचारायची वेणूला भीती वाटली. पण ती गेली. धोंडशेटपुढे उभी राहिली आणि पदराचं टोक पिळत राहिली.

“शेटजी, ते... बांड्या म्हणतो...”

धोंडशेटचा चेहरा उतरला. त्याने तिला ओरडून हाकललं नाही. तो हळूच म्हणाला, “पोरी, तुझ्यापासून काय लपवू? मोठ्या रांजणात थोडं करंजाचं मिसळलंय. थोडंच. कुणाला चव लागायची नाही. भाव उतरवला नाही तर घाणा पुढच्या सुगीपर्यंत टिकत नाही. एवढं वर्ष निघू दे.”

मग तो उठला आणि दाराआडचा एक छोटा घडा त्याने पुढे ओढला.

“आणि हे बघ. तुमच्या सगळ्यांच्या पळीचं तेल मी वेगळं काढलंय. शुद्ध करडईचं. माझ्या माणसांच्या पोटात मी कडू जाऊ देणार नाही. आजपासून यातून वाट.”

वेणूच्या डोळ्यांत पाणी आलं. किती मायेचा मालक, तिला वाटलं. आणि तसा तो होताच. खोट्या मनाचा माणूस असा घडा कशाला भरून ठेवील? माणसं बऱ्याचदा मायेपोटीच वाकड्या वाटेला लागतात. म्हणून तर ती वाट ओळखू येत नाही.

त्या संध्याकाळी वेणूने दाराआडच छोट्या घड्यातून सगळ्यांच्या बुधल्या भरून दिल्या. कुणी काही विचारलं नाही. स्वतःची बुधली भरून ती बाजारातून निघाली. कोपऱ्यावर राहीआजी कुंभारीण मडकी मांडून बसली होती.

“वेणू, थांब गं जरा. बघू.” आजीने बोट बुडवलं, चाखलं आणि डोळे मिटले. “वा! सगळे म्हणतात पलीकडचं घे, स्वस्त पडेल. पण घरात सून बाळंत झालीय. तिच्या पोटात गेलं म्हणजे बाळाच्या पोटात गेलं. त्या ढोलवाल्यांचं मी काय ऐकू? तुझी बुधली चाखली, आता डोळे झाकून घेते.”

आणि आजी एक लोटकं उचलून धोंडशेटच्या घाण्याकडे चालायला लागली.

वेणू तिथेच उभी राहिली. तिने बुधलीत पाहिलं. तेल स्वच्छ होतं, पिवळंधमक होतं. ते तसं नसतं, तर आजी गेलीच नसती. आजवर तिच्या बुधलीने कुणाला फसवलं नव्हतं, आणि आज ती शुद्ध असूनच फसवत होती.

“आजी!” तिने हाक मारली. पण बाजाराच्या गलक्यात आजीला ऐकू गेलं नाही. तेव्हा ती पळत सुटली.

ती दारात पोचली तेव्हा धोंडशेटने मोठ्या रांजणात पळी घातली होती. राहीआजीने लोटकं पुढे केलं होतं. येसूमावशी सुपं आवरत होती. वेणूने काही न बोलता आपली बुधली आजीच्या लोटक्यात उपडी केली. मग ती रिकामी बुधली तिने धोंडशेटपुढे धरली. 

“शेटजी, मला मोठ्या रांजणातलं द्या.”

“अगं, तुमच्यासाठी घडा आहे ना वेगळा...” शेट पुटपुटला.

“कसला वेगळा घडा?” येसूमावशीने सूप खाली ठेवलं. तिने एकदा शेटच्या तोंडाकडे पाहिलं, एकदा दाराआड पाहिलं. मावशीचे केस उगाच पांढरे झाले नव्हते. तिनेही आपल्या बुधलीतलं तेल त्या घड्यात परत ओतलं आणि रिकामी बुधली वेणूच्या बुधलीशेजारी धरली. “मलाही. आजोबांची रीत आहे, शेट. मोठ्या रांजणातलं.”

“काय चाललंय तुमचं?” राहीआजी म्हणाली. “मला कुणी सांगेल का?”

धोंडशेटने पळी वर उचलली. बुधलीच्या तोंडापर्यंत आणली. तिथे ती थांबली. ज्या पोरीला त्याने परकरात असल्यापासून पाहिलं होतं, तिच्या बुधलीत ते तेल ओतायला त्याचा हात वळेना.

वेणू इतक्या हळू बोलली, की गोठ्यातल्या बांड्याने कान टवकारले.

“तुमच्याने मला देववत नाही ना? मग आजींच्या सुनेला कसं देत होतात?”

त्या दिवशी पळी पडली ती वेणूच्या हातून नाही. धोंडशेटच्या हातून पडली.

दुसऱ्या दिवशी भर बाजारात तो स्वतः उभा राहिला. डोक्यावरचा रुमाल काढून हातात घेतला आणि म्हणाला, “मंडळी, काल मी तेलात करंजाचं मिसळलं. ज्यांनी ज्यांनी कालचं नेलं असेल, त्यांनी परत आणा. मी करडईचं भरून देतो. चूक माझी आहे, माझ्या गड्यांची नाही.”

एखाद्या मालकाने असं बोलणं सोपं नाही. कुणी हसलं, कुणी शिव्या दिल्या. पिवळ्या पागोट्यांनी ढोल आणखी जोराने बडवले. “ऐका हो ऐका, शेट आपल्या तोंडानेच कबूल करतोय!” रांजणातलं भेसळीचं तेल त्याने गाडीवानांना आसासाठी दिलं, आणि देताना ‘हे खाऊ नका’ असं एकेकाला बजावलं. रांजण घासून, उन्हात तापवून घेतला. त्यात जेमतेम बूड झाकेल एवढंच करडईचं तेल उतरलं.

मग त्याने सगळ्यांना बोलावलं. “आता अर्धीच पळी देता येईल. तीही किती दिवस, मला माहीत नाही. कुणाला पलीकडे जायचं असेल तर माझी ना नाही.”

येसूमावशी म्हणाली, “पलीकडे पागोटं मिळेल. पळी कुठे मिळायला? अर्धी तर अर्धी, शेट. पण मोठ्या रांजणातली.”

गोठ्यातून कुणीतरी खाकरलं. सगळ्यांनी वळून पाहिलं. बांड्या म्हणाला, “मलाही अर्धी पाटी चालेल. फक्त गोड असू दे.”

या वेळी वेणू दचकली नाही.

आता बाजारातून अर्ध्या बुधल्या जाऊ लागल्या. बायका अडवत आणि विचारत, “अर्धीच का गं?”

“बी कमी आहे.”

“मग शेट मिसळत का नाहीत? सगळे मिसळतात.”

“मिसळलं होतं. मग आम्ही आमच्यासाठी तेच मागितलं. त्यांच्याने देववलं नाही.”

हे बोलणं कुणी त्यांना पाठ करायला लावलं नव्हतं. ज्याने त्याने आपल्या शब्दांत सांगितलं. कुणी लाजून सांगितलं, कुणी मान ताठ करून सांगितलं. पण ते घरोघर गेलं, आणि ढोलाचा आवाज जिथे पोचत नव्हता तिथेही गेलं.

एका संध्याकाळी पलीकडचा एक गडी पागोटं काखेत दडवून धोंडशेटच्या दारात आला. त्याला घरच्यासाठी तेल हवं होतं.

“का रे, पागोटं काखेत?” येसूमावशीने विचारलं. “डोकं दुखतंय?”

“मावशी, हळू बोला ना.”

पण मावशीला हळू बोलता येत नसे. सगळ्या रांगेने ऐकलं. दुसऱ्या दिवशी बाजारातल्या बायका ढोलवाल्यांना अडवून एकच प्रश्न विचारू लागल्या: “तू कुणाकडचं खातोस?” ढोलवाले इकडेतिकडे बघत. गाण्याची ओळ त्यांना पाठ होती, पण या प्रश्नाचं उत्तर कुणी पाठ करून घेतलं नव्हतं. हळूहळू पागोटी कमी होत गेली. शेवटी तो व्यापारी ढोल गाडीत घालून, आपल्याला अजून कुणी ओळखत नाही अशा गावाच्या शोधात निघून गेला.

धोंडशेटचा घाणा मात्र रडतखडत त्या वर्षातून तरला. पुढल्या सुगीला मावा पडला नाही. शेतकऱ्यांच्या गाड्या करडईची पोती घेऊन आल्या आणि थेट त्याच्याच अंगणात थांबल्या. “तुमच्याकडे बी घातलं की निदान पेंड तरी गोड मिळते,” एक शेतकरी म्हणाला. “आमचेही बैल बोलतात हो!”

आणि राहीआजी आली. काखेत गुटगुटीत नातू होता. मागून तिचा मुलगा एक नवाकोरा, भलाथोरला रांजण वाहून आणत होता.

“शेट, हा घ्या,” आजी म्हणाली. “जुन्यापेक्षा मोठा आहे. पण याच्या जोडीला छोटा घडा मात्र मी करून देणार नाही हं.”

धोंडशेट हसला. तो जुना छोटा घडा त्याने केव्हाच गोठ्याबाहेर चिमण्यांच्या पाण्याला ठेवला होता. त्याने पळी वेणूच्या हातात दिली. वेणूने ती नव्या रांजणात बुडवली आणि पहिली पळी राहीआजीच्या लोटक्यात ओतली, दुसरी स्वतःच्या बुधलीत. दोन्हींची धार एकाच रंगाची होती.

तात्पर्य: जे आपल्या माणसाच्या बुधलीत ओतायला हात धजत नाही, ते जगाला विकू नये.