हलक्याचं माप

“अजून किती काढू, वस्ताद?”

अभिनंदनने तीन पिस्टन फडक्यावर मांडले आणि विचारलं.

बाबालाल वस्तादांनी चष्मा पुसायला घेतला. कोल्हापूरच्या उद्यमनगरात त्यांचं इंजिनकामाचं शेड. शर्यतीच्या गाड्यांची इंजिनं बांधण्यात उभं आयुष्य गेलेलं. लगेच उत्तर दिलं की विचारणारा बिघडतो, अशी त्यांची पक्की समजूत होती.

अभिनंदन हा त्यांचा लाडका पठ्ठा. हात सोन्याचा, पण ते त्यालाही ठाऊक होतं, हीच काय ती अडचण.

रविवारी घाटातली शर्यत होती. गाडी त्याच्या थोरल्या भावाची, सन्मतीची. सन्मतीही याच शेडमध्ये शिकला होता. तो तापाने गेला, तेव्हापासून गाडी ताडपत्रीखाली पडून होती. आता धाकटा तिला पुन्हा उभी करत होता. पिस्टन जितका हलका, तितकं इंजिन चपळ. म्हणून तो पिस्टन आतून घासून घासून वजन उतरवत होता.

“चौथा कुठाय?” वस्तादांनी विचारलं.

त्याने खिशातून चौथा काढला. जुना, बोटं लागून लागून गुळगुळीत झालेला.

वस्तादांचा हात चष्म्यावरच थांबला. हा पिस्टन कित्येक वर्षं त्यांच्या टेबलावर पेन्सिली ठेवायला होता. सन्मतीने घासलेला. मागच्या आठवड्यात तो तिथून नाहीसा झाला आणि पेन्सिली टेबलभर पसरल्या. वस्तादांनी कुणालाच काही विचारलं नव्हतं.

“दादाचा हाय,” अभिनंदन म्हणाला. “ह्यो घालूनच गाडी पळवायची. म्हंजे दादाबी असंल की आत...”

शेडमधली रीत अशी होती : चारही पिस्टन एका वजनाचे हवेत, नाहीतर इंजिन थरथरून स्वतःचीच वाट लावतं. आणि चारांत जो सगळ्यात हलका, त्याला माप मानायचं. घासलेलं परत लावता येत नाही, म्हणून जड असतील त्यांनी खाली यायचं.

अभिनंदनने रीत पाळली होती. सन्मतीचा पिस्टन सगळ्यात हलका, तेव्हा तोच माप. बाकीचे तीन त्याच्या वजनाला आणायला तो आठवडाभर घासत होता, तरी ते तिथवर पोचत नव्हते. दादाचा हात तो दादाचा हात, असं तो मोठ्या तोऱ्यात सांगत होता.

“थोडंच ऱ्हायलंय,” तो म्हणाला. “दादापत्तोर पोचायचंय मला.”

...

वस्तादांनी कपाटातून एक कोरा पिस्टन घेतला आणि लोखंडी पिनेने वाजवला. भरीव आवाज आला. मग अभिनंदनच्या तिनांतला एक वाजवला. आवाज बारीक झाला होता, पण धड होता.

मग त्यांनी पिन त्याच्या हातात दिली आणि सन्मतीचा पिस्टन पुढे सरकवला.

“ह्यो तू वाजव.”

त्याने वाजवला. आवाज चिरका आला, रिकाम्या डब्यासारखा. त्याने पुन्हा वाजवला, जरा हळू. तोच आवाज. पिस्टनचा माथा पापुद्र्याएवढा उरला होता. इंजिन तापलं की पहिल्याच चढाला त्याला भोक पडलं असतं.

“म्हंजे ह्यो गाडीत...”

“कधीच न्हवता. मी घालू दिला न्हाई. लई भांडला माझ्यासंगं. मग दुसरा घासायला घेतला हुता. तेवढ्यात ताप आला...”

अभिनंदन तिथेच जमिनीवर बसला. दादा चुकला होता. आणि ते कळल्यावर त्याला दादा आणखीच हवासा झाला. एकदा तरी त्याला चिडवायला, त्याच्याशी भांडायला. त्याचे डोळे भरून आले. ते त्याने लपवले नाहीत.

वस्तादांनी त्याचे तीन पिस्टन पुन्हा फडक्यात गुंडाळले. हे इथंच थांबव, म्हणाले. चौथा कोरा घे आणि ह्यांच्या मापाला आण. रविवारची गाडी पळेल.

तो उठला नाही.

“बिघडलेला माल तुमी सरळ भंगारात टाकता,” तो म्हणाला. “माझा किती टाकलाय. मग ह्यो टेबलावर कशाला ठेवला?”

...

वस्तादांनी सन्मतीचा पिस्टन उचलला. सगळ्यांत हलका, तरी दोन्ही हातांनी उचलला आणि जागच्या जागी ठेवला. एकेक पेन्सिल गोळा करून त्यात घातली.

“इतकी वरसं झाली...” ते म्हणाले. “माझ्याच्यानं ह्यातलं एक ग्रॅमबी कमी झालं न्हाई.”