टिटवीची अंडी आणि कोल्ह्याचे भाषण

मुलांनो, एका नदीकाठच्या जंगलात प्राण्यांचा तंटा झाला की ससा, हरिणी आणि कासव असे तीन पंच निवाडा करीत. आरोपीविरुद्धची बाजू मांडण्याचे काम कोल्ह्याकडे असे. एके दिवशी वाळूतली टिटवीची चारही अंडी नाहीशी झाली. त्या सकाळी तिथून जाणारे मुंगूस टिटवीने पाहिले होते. तेवढ्यावरून त्याला पंचांपुढे उभे करण्यात आले. "पाण्यावर जायची माझी वाटच ती आहे," मुंगूस म्हणाले. "अंडी मी पाहिलीसुद्धा नाहीत."

चोर मुंगूसच आहे, अशी कोल्ह्याची मनापासून खात्री होती. पण पुरावा काही नव्हता. कुठे टरफल सापडले नव्हते, की कुणी त्याला अंडी खाताना पाहिले नव्हते. तेव्हा कोल्हा सशाकडे वळून हळू आवाजात म्हणाला, "तुमची पिल्ले आत्ता बिळात एकटी असतील. याला सोडलेत, तर उद्या त्यांची पाळी येईल. याची सगळी जातच चोरटी. मला आणखीही पुष्कळ ठाऊक आहे, इथे सांगत नाही इतकेच." कोल्ह्याला अडवावे असे कासवाला वाटले, पण सगळे कान देऊन ऐकत होते, म्हणून ते गप्प राहिले. हरिणीने पाडसाला जवळ ओढले. तिघांनी एकमताने मुंगसाला नदीपार हाकलून दिले.

काही दिवसांनी टिटवीने पुन्हा अंडी घातली. या वेळी घोरपड त्यातले एक तोंडात धरून असतानाच सापडली. "मागचीही मीच खाल्ली," ती म्हणाली. "मला कुणी विचारलेच नाही."

पंच खजील झाले. "निवाडा करताना मला मुंगूस दिसतच नव्हते," ससा म्हणाला. "माझी पिल्लेच डोळ्यांपुढे होती."

कोल्हा मान खाली घालून म्हणाला, "मला खरेच तसे वाटले होते."

"तुला काय वाटते, हे सांगायचे नव्हते. काय दिसले, ते सांगायचे होते," कासव म्हणाले. "आणि तुला तिथेच थांबवणे माझे काम होते. ते मी केले नाही."

तिघे पंच नदीपार जाऊन मुंगसाला घेऊन आले. मुंगूस फार वाळले होते आणि एका पायाने लंगडत होते. कोल्ह्याने सर्वांसमोर आपले शब्द मागे घेतले, पंचांनी क्षमा मागितली. तरीही मुंगूस जवळून जाऊ लागले, की लहान प्राणी दोन पावले मागे सरत. का, ते त्यांनाही सांगता आले नसते. मुंगूस ते पाही आणि पुढे निघून जाई.

तात्पर्य : आरोप करणाऱ्याने सिद्ध करता येईल तेवढेच बोलावे. भीती घालून मिळवलेला निकाल पुढे बदलता येतो, पण ऐकणाऱ्याच्या मनात पेरलेला संशय परत काढून घेता येत नाही.