गोधडीच्या पेटीतली डिस्क

फार वर्षं झाली. तेव्हा घरातल्या कॉम्प्युटरलाही तोंड होतं, आणि ते त्याला आवरत नव्हतं. यमुनाबाईंच्या गेलेल्या आईने गायलेली हळदीची गाणी त्याच्या पोटात होती. दर शनिवारी बाई गोधडीच्या पेटीतून छोटी डिस्क काढायच्या, त्याला जोडायच्या आणि गाण्यांची नक्कल उतरवून घ्यायच्या.

कॉम्प्युटर डिस्कला हसायचा. “अगं चिमुरडे, तुझं काय काम? मी स्वतःच दुसरी नक्कल करून ठेवलीय. दोन्ही माझ्याच पोटात!”

“आणि पोटच बिघडलं तर, दादा?” डिस्क विचारायची.

बिघडलंच की! तेही बाईंच्या लेकीच्या हळदीच्या सकाळी. दुरुस्तीवाल्याने त्याला पार कोरं करून उठवलं. दोन्ही नकला गेल्या! हळद कालवलेल्या हातांनी बाया दारात उभ्या, आणि गाणी नाहीत.

बाईंनी धावत जाऊन पेटी उघडली, डिस्क जोडली. एक गाणं आलं, दहा आली, सगळी आली! आजीच्या आवाजात नातीला हळद लागली.

“ताई, आता जाऊ नको गं,” कॉम्प्युटर गयावया करू लागला. “कायम मला चिकटून राहा.”

“मेल्या, अजून अक्कल आली नाही? मी लांब पेटीत होते म्हणून गाणी वाचली. सोड माझी वायर! शनिवारी येते.”