टाकीतलं पाणी

गॅरेजवाल्या इक्बालभाईचा फोन आला तेव्हा केळुसकर मास्तर मेथी निवडत होते. गाडीची चेसी, खालचा सगळा सांगाडा, गंजून पार गेलीय, तो म्हणाला. याआधी तीनदा पत्रा मारून दिला, आता वेल्डिंग धरायला लोखंडच उरलं नाही. मोडीत घाला, नाहीतर दुसरी चेसी शोधतो. परवापर्यंत काय ते सांगा.

मास्तरांनी उरलेली जुडी निवडून संपवली. मग इक्बालच्या गॅरेजमधून गाडी काढली आणि हळूहळू घाटमाथ्यावरच्या मठात नेली. वळणावळणाला खालून करकर ऐकू येत होती.

मठ म्हणजे पत्र्याची एक खोली आणि शेजारी झरा. रंगाबुवा पूर्वी एसटी चालवायचे. आता घाट चढून तापलेल्या गाड्यांना झऱ्याचं पाणी द्यायचे, आणि कुणी काही विचारलंच तर जमेल तसं उत्तर.

"दुरुस्त करू की मोडीत काढू?" मास्तरांनी उतरता उतरताच विचारलं.

बुवांनी बसायला घोंगडी टाकली. मास्तर बसले नाहीत. उभ्या उभ्या सगळं सांगत राहिले. जुन्या व्हॅनमधला पलंग, शेगडीचा ओटा, पाण्याची लोखंडी टाकी, सगळं त्यांनी स्वतःच्या हातांनी बसवलेलं. इंजिन अजून ठणठणीत. टेक्निकल शाळेत तीस वर्षं काढलेल्या माणसाला इक्बालने लोखंड शिकवू नये.

"गेल्या दोन वर्षांत कुठे कुठे जाऊन आलात?"

"कुठेच नाही..."

बुवा वाकले आणि त्यांनी गाडीखाली हात घातला. बाहेर आला तेव्हा तळवा ओला होता, विटकरी.

"कुठून गळतंय?"

"टाकीतून. थेंब थेंब."

"इक्बालला दिसलं नाही?"

"टाकीला हात लावायचा नाही, असं सांगून ठेवलंय त्याला."

मग मास्तर गाडीकडे बघत बोलले. दरवर्षी दोघं फिरायला निघायच्या आदल्या दिवशी त्यांची बायको, कुमुद, टाकी भरायची. घरच्या विहिरीचं पाणी, फडक्यातून गाळून. बाहेरचं पाणी तिला बाधायचं. दोन वर्षांपूर्वी तशीच भरली आणि झोपली. पहाटे उठलीच नाही. गाडी दारातच राहिली.

"दोन वर्षं गळतंय," बुवा म्हणाले, "तरी संपलं नाही?"

"दर रविवारी तांब्याभर घालतो... तिचं संपू नये म्हणून."

बुवांनी तळवा धोतराला पुसला.

"तीस वर्षं पोरांना काय शिकवलंत मास्तर? पाणी लोखंडाला काय करतं?"



बुवा गाडीत चढले. नळ सोडून तांब्या भरला आणि बाहेर येऊन उंबराच्या बुंध्याशी ओतायला वाकले. मास्तरांनी त्यांचं मनगट धरलं.

"थांबा."

बुवांनी तांब्या त्यांच्यापुढे धरला. "मग प्या."

मास्तरांनी तो दोन्ही हातांनी घेतला. पाण्यावर तांबूस तवंग होता. ओठांपर्यंत नेला... आणि खाली घेतला.



बुवांनी तांब्या हळूच काढून घेतला. पुन्हा गाडीत चढले, टाकीचं झाकण उघडलं आणि थेंबही न सांडता सगळं पाणी परत आत ओतलं. झाकण घट्ट लावलं. गाडीखाली मातीवर थेंब पडल्याचा आवाज झाला. मग दुसरा.

रस्त्यावर एक ट्रक वाफा सोडत येऊन थांबला. बुवांनी कळशी उचलली.

"बुवा, इक्बालला काय सांगू?"

बुवा झऱ्याकडे निघाले होते. वळले नाहीत.

"सांगा, टाकी रिकामी करायची राहिलीय."