चारीच्या तोंडावरचा धोंडा

नदी वर्षातले आठ महिने नुसती वाळू दाखवायची, अशा एका माळावरच्या खोऱ्यातली ही जुनी गोष्ट. पाटाचं पाणी आधी शेवटच्या शेताला, मग वरच्यांना, अशी तिथली रीत. म्हणून पाटकरी धुडकूने वरच्या उसाकडे पाणी नेणाऱ्या चारीचं दगडी तोंड एका धोंड्याने बंद केलं होतं.

"पाणी माझ्या दारावरून जातंय आणि मी कोरडा? सरक जरा," ऊस म्हणाला.

"खालची ज्वारी भिजेपर्यंत तसूभर हलणार नाही," धोंडा म्हणाला.

"नदीनं फेकलेला दगड तू! मला शिकवतोस?"

"फेकलेलाच आहे. बघ हलवून!"

उसाने घुशीला बोलावलं. तिने धोंड्याखालची माती रातोरात उकरली. धोंडा हलला खरा, पण बाजूला नाही. तो खाली खचला आणि त्या तोंडात पाचरीसारखा रुतला.

चौथ्या दिवशी ज्वारी भिजली, उसाची पाळी आली. धुडकूने पहार लावून घाम गाळला. शेवटी "हा काही निघत नाही बुवा," म्हणत त्याने पाणी पाळीतल्या पुढच्या मळ्याकडे वळवलं.

"अरे, आता तरी हल!" ऊस कळवळला.

"आज हललो असतो की," धोंडा म्हणाला, "पण माझ्या पायाखालची माती तूच उकरून घेतलीस."