जांभळाईच्या बांगड्या

खंबीरराजाने जांभळाई देवी गावातून उचलून गडावर नेली आणि जांभूळओहोळ गावात चुली पेटेनात!

झालं होतं असं. राजाने गडावर नवंकोरं देऊळ बांधलं. सोन्याचा कळस, चांदीचं दार, सगळं कसं झोकात! फक्त आत बसायला देवी नव्हती. मग नवी मूर्ती घडवावी की नाही? छे! राजाला हवी होती जुनीजाणती, नवसाला पावणारी. खाली पालखी आली, भोयांनी खांदा दिला आणि देवी गेली.

गावकरी धावत गडावर गेले. रडले, पाया पडले. पाटील म्हणाले, "महाराज, नवरात्र तोंडावर आलंय. देवीच नाही तर घट बसवायचे कुणापुढे?"

राजा मिशीत हसला. "देवी तुमची आहे ना? मग येईल की परत! घटस्थापनेला ती तुमच्या देवळात दिसली, तर कायमची तुमची. पण गावातल्या कुणी तिला बोटसुद्धा लावायचं नाही. लावलं तर बघा!"

आता बोलायचं काय? राजा हट्टाला पेटला की ब्रह्मदेवाचंही ऐकत नसे. गावकरी माना खाली घालून परतले.

सगळ्यात जास्त रडली ती सगुणा. कासाराची धाकटी सून. लग्न होऊन आल्यापासून सासूने तिला एकदाही माहेरी धाडलं नव्हतं. "पुढच्या सणाला बघू," म्हणायची, आणि पुढचा सण काही उजाडत नसे. सगुणा मनातलं सगळं जांभळाईला सांगायची. आता सांगायचं कुणाला?

पण नुसती रडत बसेल तर ती सगुणा कसली!

घटस्थापना उद्यावर आली. राणीसाहेबांना बांगड्या भरायला सगुणा दर सणाला गडावर जाई. तशी आजही गेली. राणीचे हात भरून झाले, दासींचे झाले, तरी ही टोपली आवरेना. तेवढ्यात राजा आला.

"काय गं, तू जांभूळओहोळची ना? आली का तुमची देवी चालत?"

सगुणा पदर सावरून म्हणाली, "अजून नाही महाराज. पण सणासुदीचं देवीचे हात रिकामे कसे ठेवायचे? तिलाही बांगड्या भरते म्हटलं. भरू ना?"

"भर की! गावातल्यांनी हात लावायचा नाही म्हणा. पुजारी चढवेल."

"चालेल. पण आम्हा कासारांची एक रीत आहे. घरातली बाई कोण, कुणाची, हे विचारल्याशिवाय आम्ही बांगड्या भरत नाही. जांभळाई तुमची कोण लागते, महाराज?"

"हा काय प्रश्न झाला? माझी लाडकी लेक!"

"अगंबाई!" सगुणाने गालावर हात ठेवला. "मग जावई कुठेत?"

"जावई?"

"महादेव हो! ते आमच्या ओढ्याकाठी बसलेत एकटेच. लग्न झालेली लेक बापाने घरी आणून ठेवली, सासरी धाडायचं नाव नाही! लोक काय म्हणतील?"

राणी तोंडाला पदर लावून हसू लागली. राजा गडबडला.

"थांब, थांब! लेक नाही. सून! माझ्या घरची लक्ष्मी!"

"सून? मग तर झालंच! सुनेचा पहिला सण माहेरी. आणि तिचं माहेर आमचं गाव. भलीमोठी पालखी घेऊन नेलीत, आता सणाला नाही धाडलीत तर खंबीरराजा सुनेला छळतो असं गावोगाव होईल. बघा बाई, मी आपलं सांगितलं."

"ए, मला बोलू दे!" राजा कावला. "लेक नाही नि सून नाही. देवी म्हणजे आई! जगाची आई, माझी आई. आता बोल!"

"आता मी काय बोलणार?" सगुणाने हात जोडले. "तुमच्या आईसाहेब गडाच्या पायथ्याच्या वाड्यात राहतात. रोज सकाळी तुम्ही त्यांच्या पाया पडायला खाली उतरता, की चार भोई पाठवून त्यांना उचलून वर आणवता?"

राजाने खिडकीतून हळूच पायथ्याकडे पाहिलं. आईसाहेबांना कुणी उचलायला गेलं असतं, तर त्यांनी काठी घेऊन त्याला बुरुजापर्यंत पिटाळलं असतं!

शेवटी राजाला एकदम आठवलं. "अगं, पण माझी अट!"

"आहे की लक्षात! गावातल्या कुणी बोट लावायचं नाही. म्हणून तर म्हणते, पालखी तुमची, भोई तुमचे, आणि लेक म्हणा, सून म्हणा, आई म्हणा, पहिला खांदाही तुमचाच!"

राजा असा खदखदून हसला की पागोटं घसरून कानावर आलं! "हरलो बुवा! कुठूनही निघालो तरी तुझ्याच गावात पोचतो! उचला रे पालखी!"

दुसऱ्या दिवशी उजाडता उजाडता खंबीरराजा घामाने निथळत, पालखीला खांदा देत गावात शिरला. देवी आपल्या जागी बसली, घट बसले, हलगी कडकडली. राजाने सगुणाला पुढे बोलावलं.

"माग! साडी माग, सोनं माग!"

सगुणाने हळूच मागे उभ्या सासूकडे पाहिलं. "महाराज, देवीची पालखी आता रिकामीच परत जाणार. वाटेत माझं माहेर लागतं."

सासू चटकन पुढे आली. "अहो, मी कधी नाही म्हटलं? मी तर पुढच्या सणाला..."

"हाच तो पुढचा सण!" राजा पुन्हा खदखदून हसला. त्याने साडीचोळी देऊन सगुणाची ओटी भरवली, तिला पालखीत बसवलं आणि गंमत म्हणून गावच्या वेशीपर्यंत पुन्हा एकदा खांदा दिला.