सुतारपक्ष्याचा भाव

माणसाच्या हाती कुऱ्हाड यायच्या आधीची ही गोष्ट. एक सुतारपक्षी रोज सावरीच्या खोडात ढोली कोरून दाखवायचा. बघायला सारं रान लोटायचं, वाहवा करायचं. घरी पिल्लं मात्र उपाशी. शेवटी धीर करून तो म्हणाला, "ज्याला ढोली हवी, त्याने चोचभर अळ्या आणाव्यात."

"हा तर दुकानदार निघाला!" म्हणत कावळे उडाले. निम्मं झाड रिकामं झालं. सुताराने डोळे गच्च मिटून घेतले.

उघडले, तर कधी चकार शब्द न काढणारा पिंगळा समोर अळ्या ठेवत होता.

"कधीपासून घर हवंय. फुकट मागायला जीभ रेटत नव्हती."

"पण कावळे गेले रे!"

"जाऊ देत! ते कधी ढोलीत राहतात का?"

सुतार पोटभर हसला.